रोज एक फोटो, पण कॅमेरा दरवेळी वेगळा. बेळगावात असं कुणी करूलालंय काय?

टिळकवाडीचा_बारक्या

मंडळी नमस्कार. बरेच दिवस एक खूळ डोक्यात घोळूलालंय, घरात बोललं की आई म्हणते आधी ते कपाट आवर मग काय करायचं ते कर, म्हणून इथं विचारतोय. खूळ असं की रोज बेळगावातला एक फोटो काढायचा. गावातला म्हणजे किल्ला, कमल बस्ती, कपिलेश्वर असलं कॅलेंडरवालं नव्हे, ते सगळ्यांचं काढून झालंय. रोजचं काय ते. दुसरं रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूनं साठणारी गर्दी, गणपत गल्लीत रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्या, खडे बाजारात सकाळी शटर वर करून पायरी झाडणारी पोरं, सीबीटी बसस्टँडवर खानापूरची गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरणारे लोक. माझा रोजचा रस्ताच टिळकवाडीतनं गावात आणि परत असा हाय, त्यामुळं वेगळा वेळ काढायला नको.

गोम अशी की घरात कॅमेरे साठलेत. बाबांचा याशिका एमएफ-२, मामाकडनं आलेला आग्फा क्लिक थ्री (हे दोन्ही रोलवाले), एक क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवाला डीएसएलआर त्याला १८-५५ ची झूम आणि ३५ मिमीची प्राइम म्हणजे बिनझूमची लेन्स, ताईचा कॉलेजातला छोटा डिजिकॅम जो अजून चालू होतो, आणि मोबाइल तर हायच. मला वाटूलालंय की आलटून पालटून सगळे वापरावेत, आज हा उद्या तो. पण एक मित्र म्हणाला असं केलास तर वर्षाच्या शेवटी सगळं खिचडी दिसेल, एक चौकोनी एक आडवा, एक काळापांढरा एक भडक, कुणाचा कुणाला मेळ नाही. दुसरं म्हणजे रोलवाल्या कॅमेऱ्याचं काय करायचं, रोज एक म्हटलं तर ३६ चा रोल संपायलाच महिना उलटतो, मग आजचा फोटो आज बघायलाच मिळत नाही. आणि तिसरं, लोक. मोबाइल काढला तर कोण बघत नाही, मोठा कॅमेरा काढला की "कुठल्या पेपरातनं आलाय हो" सुरू. कुणी केलं असेल तर सांगा, नुसतं "कर की बे, छान आयडिया" म्हणू नका, ते मित्र म्हणतातच.

कॅम्पातला_एकटा

छान आयडिया म्हणत नाही, काळजी करू नका.

स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. रोज एक फोटो काढणं अवघड आहे ते कॅमेऱ्यामुळं नाही, तर बहुतेक दिवस काहीही घडत नाही म्हणून. त्या दिवशीही काहीतरी दिसायला लागणं हाच सगळा सराव आहे. आणि तुम्ही त्या दिवशी काय करणार, तर कॅमेरा बदलणार. म्हणजे कंटाळा आला की नवीन खेळणं. फोटो तोच राहतो, फक्त त्याला जुन्या रोलचा रंग येतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी झालं.

अमेरिकेत जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक माणूस होता. ३१ मार्च १९७९ ला त्यानं रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे ज्या दिवशी तो कॅन्सरनं गेला त्या दिवसापर्यंत काढत राहिला. तो त्याचा वाढदिवसही होता. साडेसहा हजारांच्या वर फोटो. एसएक्स-७० हा एकच कॅमेरा, एका दिवसाला एकच फोटो, चांगला आला नाही तरी दुसरा नाही. त्यातले कितीतरी फोटो सुटे बघितले तर अगदी साधे आहेत, जेवणाचं टेबल, मित्र, रस्ता, कुठलंतरी नाटक. पण ओळीनं बघत गेलं की एका माणसाचं आयुष्य पुढं सरकताना दिसतं, आणि ते दिसतं कारण बाकी सगळं जागच्या जागी आहे. चौकट तीच, आकार तोच, रंग तोच. बदलतो तो फक्त दिवस. तुमच्या बाबतीत दिवसही बदलणार आणि डोळाही बदलणार, मग बघणाऱ्यानं पकडायचं काय?

माझा सल्ला, ३५ ची प्राइम डीएसएलआरला लावा, क्रॉपवर ती साधारण ५२ मिमीसारखी पडते, आणि वर्षभर ती उतरवूच नका. बाकीचे कॅमेरे कपाटात. आईंचंही काम होईल.

निपाणीचा_फिल्मवाला

कॅम्पातले काका नेहमीसारखेच कडक बोललेत पण मला अर्धंच पटलं. बारक्या तुझ्या रोलच्या प्रश्नाचं सांगतो, कारण बाकीचं सगळे सांगतीलच.

पहिलं म्हणजे रोजचा फोटो रोलवर काढायचाच न्हाई. आठवड्यातला एक वार ठरव, समजा शनिवार, त्या दिवशी फक्त रोलवाला कॅमेरा बाहेर. मग याशिकाच्या ३६ फ्रेम तुला लई दिवस पुरतील, एवढा काळ एकच रोल कॅमेऱ्यात पडून राहणं पण बरं न्हाई, एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नकोस. त्यापेक्षा त्या वारी एकाऐवजी पाच-सहा काढ, त्यातला एक तुझा "आजचा" आणि बाकीचे रोल संपवायला. आणि आजचा फोटो आज दिसत न्हाई म्हणून काय बिघडलं, आमच्या बापाच्या लग्नाचे फोटो पण महिन्यानं आलेवते.

एमएफ-२ ला फोकस फिरवायची भानगड न्हाई, दोन पेन्सिल सेल आणि फ्लॅश, बास. रोलच्या स्पीडचा आकडा तेवढा त्याच्यावर बरोबर लाव. गल्लीतल्या सावलीत २०० चा रोल कमी पडतो, ४०० घाल. अंधारात फ्लॅशशिवाय त्याच्याकडनं अपेक्षा ठेवू नको.

क्लिक थ्री मात्र वेगळं प्रकरण हाय, आणि खरं सांगू तर तुझ्या सगळ्या कॅमेऱ्यात माझा जीव त्याच्यावर. बडोद्यात बनायचा तो. १२० चा रोल लागतो (हा आकडा स्पीडचा न्हाई, रोलच्या मापाचा) आणि १२ चौकोनी फोटो येतात. शटरचा वेग एकच आणि तो बी हळू, त्यामुळं श्वास धरून, कोपर बरगडीला टेकवून बटण दाब. त्याच्यावर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं असतात, तेवढंच काय ते तुझ्या हातात. हे कॅमेरे त्या काळच्या संथ फिल्मसाठी केलेले, म्हणून कडक उन्हात ४०० चा रोल घातलास तर उजेड लईच जास्त होतो. हिशोब सोपा हाय, भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ-१६ आणि फिल्मच्या आकड्याएवढा शटर हे जुनं गणित, म्हणजे ४०० ला १/४००, आणि तुझा क्लिक त्याच्या आसपास बी पोचत न्हाई. उन्हाळ्या-हिवाळ्यात १०० चा घाल, जून ते सप्टेंबर ४०० चा. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, कमी झाला तर मात्र सावलीत काय बी उरत न्हाई.

मागं लाल खिडकी असते ना आकडा बघायची, त्याच्यावर काळी टेप मार आणि आकडा बघायच्या वेळेला सावलीत उघडून बघ. आणि फोटो काढला की लगेच रोल पुढं फिरव, ह्या कॅमेऱ्याला स्वतःची आठवण नसते, एकावर एक दोन फोटो बसले तर तोच तुझा त्या दिवसाचा फोटो.

धुवायचं म्हणशील तर काळापांढरा घरात होतो. कलरला ३८ अंशाच्या आसपास पाणी धरून ठेवावं लागतं आणि तिथं अर्धा अंश इकडंतिकडं झाला की रंग फिरतो, ते लॅबला पाठव. काळ्यापांढऱ्याचे धुवायच्या वेळेचे तक्ते २० अंशाचे असतात, बेळगावात डिसेंबर-जानेवारीत सकाळचं नळाचं पाणी त्याच्यापासनं लांब नसतं. आमच्या निपाणीत मेमध्ये बर्फाचा डबा जवळ घेऊन बसावं लागतं.

खासबागची_वैनी

वाचता वाचता हसू आलं, सगळ्या पुरुषांनी कॅमेऱ्याचे आकडे सांगितले, माणसांविषयी कोण बोललंच नाही आणि बारक्यानं ते विचारलं होतं.

मी वडगाव-खासबाग भागात बरीच वर्षं फोटो काढतेय, मुख्यतः मागांचे. आमच्याकडं अजून गल्लीत शिरलं की पॉवरलूमचा खडखडाट घरातनं ऐकू येतो, शहापूर साडी म्हणतात ती इथलीच. आणि माझा अनुभव कॅम्पातल्या काकांच्या बरोबर उलटा आहे. कॅमेरा बदलला की फोटो तोच राहतो असं ते म्हणतात. नाही राहत. कारण समोरचा माणूस बदलतो.

डीएसएलआर घेऊन मागाच्या खोलीत गेलं की काका लगेच शर्टाची बटणं लावतात, काकू पदर सारखा करतात, पोरांना बाजूला हो म्हणतात आणि सगळे सरळ उभे राहतात. चांगला फोटो येतो पण तो फोटोसाठीचा फोटो असतो. मोबाइल काढला की कोणाचं लक्ष नसतं, पण त्यातही एक शंका असते, ही कुठं टाकणार, व्हॉट्सअ‍ॅपला जाणार काय, रील करणार काय. छोटा डिजिकॅम त्याच्या मधला, लोकांना तो लग्नातल्या पाहुण्यासारखा निरुपद्रवी वाटतो. आणि वरनं खाली बघून काढायचा माझा एक जुना डबा कॅमेरा आहे, तो नेला की कामच थांबतं! सगळे बघायला येतात, म्हातारे स्वतःच्या लग्नातल्या फोटोग्राफरची गोष्ट सांगतात, आणि अर्ध्या तासानं कधीतरी मी एक फोटो काढते. तेव्हा मला तो माणूस माहीत झालेला असतो. एकाच खोलीत एकाच माणसाचे हे चार फोटो चार वेगळे होतात, त्यात रोलचा रंग वगैरे काहीच नसतं. बाई म्हणून अजून एक सांगते, बाजारात बायकांच्या जवळ जायला मला जमतं पण रात्री आठनंतर शनिवार खुटाकडं मोठा कॅमेरा गळ्यात घालून एकटीनं उभं राहणं नको वाटतं, तिथं खिशातला डिजिकॅमच बरा. म्हणजे कॅमेरा आवडीनं निवडायचा नाही, त्या दिवशी कुठं जायचंय त्यावरनं निवडायचा.

एक तांत्रिक टीप मीही देते मग. मागाच्या खोलीत, दुकानात, ट्यूब किंवा एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात ना, ते कॅमेरा खराब म्हणून नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे जातात. मोबाइलला हे जास्त होतं.

आणि विचारायचं. खुणेनं का होईना पण विचारायचं. भाजीवाल्या कितीतरी जणी आजूबाजूच्या खेड्यातल्या असतात, कोणी मराठी कोणी कन्नड, "अक्का, ओंद् फोटो" म्हटलं की हसतात. "ब्याड" म्हणाल्या की कॅमेरा खाली, वाद नाही. इन्स्टॅक्स मिनी कॅमेरा मिळत असेल तर तोही एखादे दिवशी घेऊन जा, दहा फोटोंचं पाकीट येतं, महाग पडतं, पण फोटो तिथल्या तिथं त्यांच्या हातात देता येतो. आधी त्याचाच मोबाइलवर एक फोटो काढून ठेव, नाहीतर त्या दिवशीचा तुझा फोटो मावशीच्या बटव्यात जाईल.

टिळकवाडीचा_बारक्या

वैनी हे भारी सांगितलात. हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. निपाणीच्या दादांना पण धन्यवाद, क्लिकसाठी १२० चा रोल शोधूलालोय.

अजून दोन शंका. डिजिकॅमचं कार्ड हरवलंय, नवीन ३२ जीबीचं घातलं तर तो एरर दाखवतो. आणि पावसाळ्यात ह्या सगळ्यांचं काय करायचं, मामाच्या कॅमेऱ्याचं चामड्याचं कव्हर उघडलं तर आतनं पांढरी बुरशी.

खानापूर_पाऊसगाव

कार्डाचं आधी. तो कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर त्याला साधं एसडी कार्ड लागतं, ते २ जीबीपर्यंतच. ४ ते ३२ जीबीवाली कार्डं एसडीएचसी, ती दिसायला अगदी तशीच पण जुन्या कॅमेऱ्याला कळत नाहीत. मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये जुनी २ जीबीची कार्डं पडलेली असतात, विचारून बघ. घातल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट मार, कॉम्प्युटरवर नको.

बुरशीचं आमच्याएवढं कोणाला माहीत नाही, आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की घरातली चप्पलसुद्धा हिरवी होते. चामड्याच्या कव्हरमध्ये कॅमेरा ठेवायचा नाही हा पहिला नियम, दिसायला कितीही देखणं असू दे. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच पाहिजे असतं. कव्हर वेगळं, कॅमेरा वेगळा. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा घे, त्यात सिलिका जेल टाक, निळे दाणे येतात ते गुलाबी झाले की समजायचं पाणी प्यायलेत, तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात, आणि हां, तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही, जुना वेगळा ठेवायचा. तांदळात ठेव म्हणणाऱ्यांचं ऐकू नको, तांदळाचा भुगा लेन्सच्या रिंगेत जाऊन बसतो. आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की पुष्कळ, एकदम कोरडं केलं तरी जुन्या कॅमेऱ्याला मानवत नाही. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरत राहणं. रोज बाहेर निघणाऱ्या, उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही, कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्यांना धरते. म्हणजे कॅम्पातल्या काकांचं "बाकीचे कपाटात" हे आमच्या हवेत चालणारं नाही, माफ करा काका.

पावसात रस्त्यावर काढायचं तर मोबाइल किंवा डिजिकॅम. छत्री मानेत धरून डीएसएलआर चालवणारे मी पाहिलेत, फोटो छत्रीच्या काडीचे येतात. दुकानाच्या छपराखाली उभं राहून समोरची बाजू काढ, ओल्या रस्त्यावर दिवे पडलेले असतात, आपल्या गावांना वर्षातला सगळ्यात चांगला उजेड तेव्हाच असतो. उलट मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी बारा-साडेबाराला बाहेर पडूच नको, तेव्हा सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते आणि सगळ्यांचे डोळे काळे खड्डे दिसतात. ऑगस्टमध्ये परत एकदा येतो पण तेव्हा ढगातनं दिसला तर दिसला.

जुन्या_पाट्या

मला सगळ्यांचं वाचून एवढंच वाटतंय की तुम्ही वर्षाचा विचार करताय. वीस वर्षांचा करा.

मी गावातल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो जमवतो, स्वतः काढलेले कमी, लोकांच्या अल्बममधले जास्त. बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. त्याच्या आधीच्या फोटोत पाट्यांवर काय होतं, नंतर काय झालं, हे बघायचं म्हटलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते मुद्दाम काढलेले फोटो नाहीत, कोणीतरी रिक्षा काढताना मागं आलेली पाटी. आता २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, त्यामुळं मराठी-इंग्रजी-कन्नड अशा तिन्ही लिप्यांच्या जुन्या रंगवलेल्या पाट्या भराभर उतरल्या आणि त्यांच्या जागी फ्लेक्स आले. त्यावर कोणाचं काय मत आहे ते इथं नको, तो धागा वेगळा उघडा आणि तिथं भांडा. माझं म्हणणं फोटोपुरतं. रंगवलेली पाटी गेली की तो पेंटरचा हातही गेला. तसंच गोगटे सर्कलचा जुना ब्रिज पाडून नवा झाला, २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस गावांत बेळगावचं नाव आलं आणि त्यानंतर रस्ते, फुटपाथ सगळं उकरलं गेलं, हे सगळं रोजच्या रस्त्यावर उभं राहून काढणाऱ्या माणसाकडंच मिळतं.

पण बारक्या, वेगवेगळे कॅमेरे वापरणार असशील तर एक गोष्ट मात्र लिहून ठेवलीच पाहिजेस. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स. का ते सांगतो. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, २४-२६ मिमीच्या आसपास, तुझी ३५ ची प्राइम पन्नाशीसारखी पडते. मारुती गल्ली मोबाइलवर काढलीस तर ती ऐसपैस दिसणार, प्राइमवर काढलीस तर माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी. वीस वर्षांनी कोणीतरी दोन्ही फोटो शेजारी ठेवून म्हणणार की बघा रस्ता किती रुंद झाला, किंवा गर्दी किती वाढली. झालेलं काहीच नसणार, फक्त लेन्स बदललेली असणार. रुंदीकरणाच्या वादात मी असले फोटो पुरावा म्हणून फिरताना पाहिलेत.

दुसरं घड्याळ. सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांचं घड्याळ एकाच दिवशी मोबाइलला जुळव. जुन्या डिजिकॅमची आतली बॅटरी मेलेली असते, सेल बदलले की तारीख परत सुरुवातीच्या सालावर जाते आणि तुझा आजचा फोटो फोल्डरमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसतो. सोपा मार्ग म्हणजे अधूनमधून प्रत्येक कॅमेऱ्यानं मोबाइलच्या घड्याळाचाच एक फोटो काढायचा, फरक किती ते कळतं, मग एक्झिफटूलसारख्या फुकट प्रोग्रामनं सगळ्या फाइलींची वेळ एका झटक्यात पुढं-मागं करता येते. स्कॅन केलेल्या रोलला तर फोटोची तारीखच नसते, स्कॅन केल्याची असते, म्हणून तिथं वही. फाइलचं नाव साल-महिना-दिवस ह्या क्रमानं, त्यापुढं गल्ली, त्यापुढं कॅमेरा. दिवस आधी घातलास तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

आणि कॅम्पात फिरणार असशील तर बोर्ड वाचत जा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या हद्दीत फोटो काढू नका लिहिलेलं असतं तिथं कॅमेरा खिशातनं काढूच नको, कोणता कॅमेरा हा प्रश्नच येत नाही. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात सुवर्णसौधच्या बाजूला आणि १ नोव्हेंबरला गावात पोलीस विचारपूस करतात, नीट उत्तर दे, रोजचे फोटो दाखव, बहुतेक वेळा सोडतात.

कॅम्पातला_एकटा

बुरशीचा मुद्दा मान्य. मी कपाटात म्हणालो ते डब्यात असं वाचावं.

वैनींचंही अर्धं मान्य. माणसाच्या जवळ जाऊन काढायचं असेल तर समोरचा कॅमेऱ्यानुसार वागतो, खरं आहे. पण बारक्यानं दिलेली यादी बघा, रेल्वे गेटची गर्दी, शटर, बसस्टँड. ह्यात कोणी कॅमेऱ्याकडं बघत नाही. तिथं रोज कॅमेरा बदलून काय हाताला लागणार ते मला अजून कळलेलं नाही. आणि जुन्या पाट्यांनी लेन्सचा जो मुद्दा मांडलाय तो खरं तर माझ्या बाजूचा आहे. तुलना करायची असेल तर एकच चौकट पाहिजे. वहीत लिहून ठेवल्यानं रस्ता पुन्हा अरुंद होत नाही.

शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री काय करणार तेही सांगा, वैशाखातल्या मिरवणुकीला रात्रभर अंधार, धूर आणि फोकस लाइट. तिथं क्लिक घेऊन गेलात तर काळा चौकोन मिळेल.

खासबागची_वैनी

काका, चित्ररथाला डीएसएलआर आणि ३५ प्राइमच नेणार तो, म्हणूनच तर ती यादीत आहे. तुम्हीच माझा मुद्दा सांगितलात, जागा बघून कॅमेरा.

आणि गेटवर कोणी बघत नाही म्हणता? उद्या क्लिक घेऊन दुसऱ्या गेटला उभे राहा. गाडी जाईपर्यंत तीन जण विचारतील रोल कुठं मिळतो.

टिळकवाडीचा_बारक्या

हाहा. काका-वैनी, तुमचं चालू दे.

मी असं ठरवूलालोय, चुकत असेल तर सांगा. सोमवार ते शुक्रवार एकच कॅमेरा, पण तो महिन्याला बदलायचा, म्हणजे एका महिन्याचे फोटो तरी एकमेकांशी बोलतील. पहिला महिना डिजिकॅम, कारण तो खिशात मावतो आणि २ जीबीचं कार्ड एका दुकानात मिळालं. शनिवार फक्त रोलचा, क्लिक आणि याशिका आलटून पालटून. रविवारी जिकडं जाईन तसं, वडगावला गेलो तर वैनींना विचारून. आणि काकांसाठी एक जास्तीचं, दर महिन्याच्या एक तारखेला दुसऱ्या गेटच्या त्याच खांबाजवळ उभं राहून ३५ प्राइमनं एक फोटो, चौकट तीच. वही घेतलीय. कॅमेरा, गल्ली, वेळ, आणि माणूस असेल तर विचारलं होतं की नाही ते.

फक्त १२० चा रोल गावात मिळेना. दोन ठिकाणी विचारलं, एकानं मला ३५ चाच दाखवला आणि म्हणाला हाच तो.

निपाणीचा_फिल्मवाला

खांबाची आयडिया बरी हाय, खांब तेवढा रेल्वेवाल्यांनी काढू नये.

रोलचं टेन्शन घेऊ नको. माझ्या फ्रीजमधी १०० चे दोन पडलेत, तारीख उलटलीय पण काळेपांढरे हाईत, थंडीत ठेवलेले हाईत, चालतील. शनिवारी सकाळी मी बेळगावात येतोय, सीबीटीच्या बाहेर भेट. तोवर क्लिकचं शटर रिकामं दाबून बघ, मागचं झाकण उघडून उजेडाकडं धर, दाबल्यावर मधी गोल उजेड चमकला पाहिजे आणि लगेच मिटला पाहिजे. आणि रोल दिल्यावर लगेच पाकीट फोडू नको, फ्रीजमधनं निघालेल्या रोलवर दव धरतं, दोन-तीन तास तसाच राहू दे. दुपारनंतर घाल.